आबांची विडी

पहिल्याच झुरक्याला आबांना असा ठसका लागला, की दर्शनाने ते यंत्र त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. पाठ चोळता चोळता ती म्हणाली, "हळू ओढायचं आबा. विडीसारखं नाही."

"मंग कसं? नीट सांग."

कुडपणच्या घराच्या पडवीत बसून तिने पुन्हा समजावलं. याला व्हेप म्हणतात, यात जाळ नाही, नुसती वाफ. देशात बंदी असलेली ही वस्तू धाकट्या भावाने, साहिलने मुंबईत कुठून तरी मिळवली होती आणि कुठून ते विचारू नकोस, अशी ताकीद दिली होती. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी तर नाकच मुरडलं होतं. हेही निर्धोक नाही, सगळंच सोडलेलं बरं, म्हणाल्या. पण आबांची फुप्फुसं इतकी खराब झाली होती, की घरापासून खाचरापर्यंत ते बसत बसत जात. धूर असाच चालू राहिला तर पुढचा पावसाळा काही खरा नाही, असंही त्याच म्हणाल्या होत्या. दर्शनाला बाप हवा होता. बंदीचं नंतर बघू, असं तिने ठरवून टाकलं.

आबांचे प्रश्न मात्र संपेनात. तल्लफ जोराची असली तर यानं भागते का? घशाला विडीसारखं लागतं का? वास किती लांब जातो? जन्मात कुठल्या वस्तूची त्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

"तुझ्या आयलाबी दाखवून ठेव," ते म्हणाले. "मी इसरतो."

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने सांगितलं, की ही पिपाणी ज्याची त्याने वाजवावी, मला दाखवायचं कारण नाही. गावच्या हरिपाठात बायकांच्या पुढे बसणारी आवडाबाई ती. विडीवरून तिने नवऱ्याला चारचौघांत फाडून खाल्लेलं दर्शना लहानपणापासून ऐकत आली होती. आबा अशा वेळी मान खाली घालून हसायचे.

आबांचंही एक होतं. लेकरांसमोर त्यांनी कधी विडी तोंडाला लावली नाही. दुकानातून बंडल आणायचे ते उघड, पण जेवण झाल्यावर जायचे ते परसात, आणि पावसाळ्यात गोठ्यात, दार लावून. मागे साप-किरडू असतं म्हणून आई बॅटरी घेऊन सोबत जायची. बापाची ही मर्यादा दर्शना सासरी मोठ्या कौतुकाने सांगायची.

दुसऱ्या दिवशी परसात ताजं थोटूक सापडलं. दर्शनाने ते आबांसमोर धरलं.

"मीच," आबा लगेच म्हणाले.

आईने तोंडाचा पट्टा सोडला. लेक एवढी जिवाचं रान करते आणि यांना त्याचं काही आहे का? पण बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि ती उठून आत निघून गेली. आईला रडताना दर्शनाने फारसं पाहिलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि आबांचा रागही आला.

शेवटी ती आबांना महाडला आपल्या घरी घेऊन गेली. नजरेसमोर राहिले म्हणजे चोरून ओढता येणार नाही, असा तिचा हिशेब. आई गुरांसाठी मागे राहिली.

आणि नवल झालं. आबांनी विडी मागितलीच नाही. चिडचिड नाही, येरझाऱ्या नाहीत, जेवण झाल्यावर खिसा चाचपणं नाही. व्हेपने भागतंय म्हणावं, तर ते उशाखाली जसंच्या तसं, चार्जिंगसुद्धा उतरलेलं नाही. दर्शनाच्या नवऱ्याने, राजेंद्रने, गुटखा सोडला तेव्हा महिनाभर घरात भांडी आपटली होती. इथे जन्माची विडी सुटली तरी हा माणूस शांतपणे शेंगा सोलत बसलेला. दर्शनाला अभिमान वाटत होता, पण हे जमतं कसं, ते काही केल्या कळत नव्हतं.

खोकला उतरला. एक दिवस आबा चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि कुठे न बसता परत आले. डॉक्टरीणबाई तपासून खूश झाल्या. तेवढ्यात आबांनी दर्शनाला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

दार बंद झालं. ती बाहेरच्या बाकावर बसली. लेकीसमोर नको, असं या माणसाला डॉक्टरशी काय बोलायचं असेल? आबा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मागून आलेल्या बाईंनी दर्शनाकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. "त्यांना अजून काही महिने इथेच राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

"नाय," आबा म्हणाले. "घरी जायचंय. तुझी आय एकटी हाय."

दर्शना चिडली, रडली, घरी गेलात की पुन्हा तेच होणार म्हणाली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने पोलादपूरची गाडी धरली आणि तिथून त्यांना वर गावी नेलं.

आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दिवेलागणीला जेवणं झाली. आबांनी हात धुतले आणि मागच्या दाराकडे वळले. आईने बॅटरी उचलली.

इतके दिवस केलेलं सगळं पाण्यात जाणार होतं. आज लेकीची मर्यादा ठेवायची नाही, विडी त्यांच्या तोंडातून काढून घ्यायची, असं ठरवून ती पाठोपाठ गेली आणि गोठ्याच्या कुडाआड थांबली.

काडी पेटली. लगेच कुणीतरी फुंकर मारून ती विझवली. मग अंधारात आबांचा आवाज आला, तिने कधी ऐकला नव्हता इतका मऊ.

"आवडे, इतकी वर्सं माझ्या नावावर ओढलीस. आता माझ्या जिवासाठी ही पिपाणी ओढ."