उलट बटणांचा कोट

"उतरव ते चित्र!" मस्यो ब्रेव्हाल काठी आपटत ओरडले. "उद्या इथे चित्रांचं प्रदर्शन आहे, शिंप्याचं दुकान नाही!"

आनातोल पकड घेऊन शिडी चढला खरा, पण खिळ्याला हात लावेना. अठ्ठावीस वर्षं तो या भिंतींवर चित्रं टांगत होता, आणि टांगलेलं चित्र प्रदर्शनाच्या आदल्या, वार्निशच्या दिवशी उतरवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी चित्रकार आपापल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवतात, चकाकी चढवतात आणि एकमेकांची निंदा करत जेवायला जातात. तो खाली उभ्या असलेल्या लेओंतीनकडे पाहत राहिला.

लेओंतीन वासूर पॅरिसच्या फॅशन मासिकांसाठी चित्रं काढायची. बायका ती शिवणारणीला दाखवायच्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच कागदावर बटाट्याची सालं पडायची. कोपऱ्यातली तिची सही आजवर कुणी वाचली नव्हती. यंदा पहिल्यांदाच समितीने तिचं एक चित्र भिंतीवर घेतलं होतं. तेही नेमकं उपाध्यक्ष ब्रेव्हाल यांच्या डोळ्यांत खुपलं.

"समितीने मान्य केलंय साहेब," ती म्हणाली. "पाच जणांच्या सह्या आहेत."

"जेवण अंगावर आलं असेल त्यांच्या!" ब्रेव्हाल म्हणाले, आणि शेजारचे दोघे चित्रकार फिदीफिदी हसले. "बाई, मी जिवंत माणूस समोर बसवून रंगवतो. तुम्ही शिंप्याचा कपडा बघून गिरवता. नक्कल आहे ही! आनातोल, या प्रदर्शनात नक्कल दिसता कामा नये. असेल ती उतरव."

लेओंतीनच्या अंगाचा तिळपापड झाला. नक्कल! कसली नक्कल? कपडे शिवणाऱ्या पेढीच्या मालकाने तिला फक्त निळ्या कापडाचा एक तुकडा दिला होता. कोट तिने मनाने रचला. नदीकाठावर कॉलर वर करून उभी असलेली बाई, मोजून दहा-बारा रेषा, बाकी कोरा कागद. त्या चित्रात कोटापेक्षा वाराच जास्त होता.

आणि एक चूक होती. शिळाछापाच्या दगडावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर सगळं उलटंच काढावं लागतं. इतक्या वर्षांत ती एकदाच विसरली, ती नेमकी याच चित्रात. मासिकात छापून आलं तेव्हा कोटाची डावी बाजू उजवीवर आली होती, पुरुषांच्या कोटासारखी. मालक थयथयाट करत आला. "मी काय गाडीवानांचे कपडे शिवतो?" म्हणाला, आणि त्याने तो कोट रद्दच केला. छापखान्यातले लोक अजून तिला गाडीवानीण म्हणतात. तरी तिने हेच चित्र पाठवलं, कारण याहून चांगलं तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

"तुमचं चित्र कुठेय साहेब?" तिने विचारलं. "कला कशी असते ते बघून तरी जाते."

"पलीकडच्या दालनात. मोठी सोनेरी चौकट," हसणाऱ्यांपैकी एकाने उत्साहाने दाखवलं.

ती तरातरा निघाली. "अहो बाई, थांबा! वार्निश ओलं आहे तिथे!" ब्रेव्हाल तिच्यामागे धावले. एवढ्या घाईने धावताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मग ते दोघे चित्रकार निघाले, आणि शिडी खांद्यावर टाकून आनातोलही.

चित्र पुरुषभर उंच होतं. नदीकाठी उभी असलेली एक काउंटेस, कॉलर वर केलेली, अंगात निळा कोट. वाराही त्याच बाजूने वाहत होता. लेओंतीनने जवळ जाऊन बटणं पाहिली.

"हा कोट कुणाचा?" तिने विचारलं.

"काउंटेसबाईंचा स्वतःचा!" ब्रेव्हाल कडाडले. "एकवीस वेळा माझ्यासमोर बसल्या त्या. याच कोटात!"

"हा कोट कुणी शिवलाच नाही, साहेब. जगात असा कोटच नाही. डावी बाजू वर आलीय ना, ती माझी चूक आहे."

एक चित्रकार पुढे वाकून बटणं पाहू लागला. दुसरा लगबगीने पहिल्या दालनात गेला आणि तिचं चित्र पाहून परत आला. आता कुणी हसत नव्हतं. ब्रेव्हाल खिशात रुमाल शोधत राहिले.

आनातोलने खांद्यावरची शिडी खाली घेतली.

"साहेब, नक्कल उतरव म्हणालात ना?" त्याने अदबीने विचारलं. "मग शिडी इथेच लावू?"