हरणाबाईची सावड

दुपार कलायच्या आत हरणाबाईची ज्वारी काढून झाली. दहा बायका, दहा पाती; एकेकीला एक ओळ. आभाळ आलं होतं म्हणून कुणी पाणी प्यायलासुद्धा बसलं नाही. गुडघ्यामुळं हरणाबाईला वाकवत नव्हतं, ती अकरावी, मागं बसत-सरकत पेंढ्या बांधत होती. कळंब रस्त्याकडचा तिचा तुकडा मोकळा झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सगळ्या बांधावर भाकरीला बसल्या. हरणाबाईनं ठेचा फिरवला. तिचा ठेचा असला की बायका एक भाकरी जास्तच खायच्या.

"उद्या कुणाचं रान?" तिनं विचारलं.

"सत्यभामाकाकूचं," निकिता म्हणाली. घोळक्यात वयानं सगळ्यात लहान, पण सावडीच्या पाळ्या तीच लावायची. आज हिच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या तिच्या. सावड म्हणजे एवढंच. "पण आत्या, तुम्ही येऊ नका."

"का गं?"

"गुडघा बघा की तुमचा. तुमचं आमी असंच केलं समजा. फेडायचं न्हाय."

"म्या बसून कणसं मोडीन."

"लई राबलात. आता निवांत ऱ्हावा," म्हणत सत्यभामानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हीच तर पंचाईत. खोट असती तर हरणाबाई भांडली असती; भांडणात ती कधी कुणाला हार गेली नव्हती. मायेपुढं काय बोलणार? चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं कुणाचं काही येणं राहिलं नव्हतं. तिला फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी भाकरी बांधून उंबऱ्यावर बसली. बायका रानात निघाल्या की तिच्याच दारावरून जायच्या, "आत्या, चला" म्हणत. एखादी तरी हाक मारील, असं तिला वाटत होतं. आज आवाज मागच्या बोळातून गेले, तेही दबके. आत्याची झोप मोडू नये म्हणून.

ऊन डोक्यावर आलं. रानात भाकरी सोडायची वेळ झाली, तसं हरणाबाईनंही उंबऱ्यावरच फडकं सोडलं. भाकरी दोनच होत्या. ठेचा मात्र अकराजणींना पुरेल एवढा.