राहून गेलेली दुरुस्ती

दादानं फोनकडे एकदा पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

"दाबून तर बघ," धाकटा भाऊ म्हणाला. "आता हात थरथरला तरी चालतं. एकदा दाबलं की एकदाच बोलतो."

दादा खिडकीबाहेरच बघत राहिला. वहिनी त्याच्या उजव्या हाताची नखं कापत होत्या.

अर्धांगाच्या झटक्यात दादाची वाचा गेली, तेव्हा धाकट्यानं हे ॲप लिहायला घेतलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलणार. पाणी, उशी, दिवा, नको. आजवर त्यानं हौसेनं सुरू केलेलं एकही काम तडीस गेलं नव्हतं. हे तरी जावं म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यानं ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. चार लोक बघायला लागले की अंग काढून घेता येणार नाही, असं त्याला वाटलं.

तसंच झालं. लोक आले. कुणाला आजोबांसाठी हवं होतं, कुणाला शाळेसाठी. कुणी म्हणालं, रंग बदलता यायला हवेत. कुणी म्हणालं, आणखी दोन भाषा घाला. ऑफिसातून आला की पाठीवरची बॅगही न काढता तो आधी निरोप वाचायचा, आणि जेवण गार होईपर्यंत उत्तरं लिहायचा. अनोळखी माणसं त्याला देवमाणूस म्हणत होती.

वहिनींचं मागणं एकच होतं. "भावजी, ह्यांचं बोट थरथरतं हो. एकदा पाणी मागितलं की फोन चारदा पाणी पाणी करतो. चारचौघांत ह्यांना लाजल्यासारखं होतं."

"पुढच्या अपडेटमध्ये टाकतो, वहिनी," तो म्हणायचा. मनापासून म्हणायचा. पण वहिनी फोन करून सांगायच्या, आणि ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं, म्हणून दर वेळी मागे पडायचं.

आज सुट्टी म्हणून त्यानं ते करायला घेतलं. चहा निवायच्या आत झालंसुद्धा. एवढंसंच काम होतं हे लक्षात आलं तसा होता त्या कपड्यांनिशी तो दादाकडे निघून आला.

"एरवी वापरतो ना?" त्यानं वहिनींना विचारलं.

"सुरुवातीला सोडतच नव्हते. जेवतानाही हातात." वहिनींनी दादाचं करंगळीचं नख कापलं. "मग एकदा घरात माणसं होती. फोन जो सुरू झाला तो थांबेचना. पोरं हसली. पोरंच ती. पण त्या दिवशी ह्यांनी तो कपाटात टाकायला लावला."

"नंतर पुन्हा नाही काढला?"

"काढला की. बोलणं शिकवायला बाई यायच्या, त्यांनीही खूप समजावलं. ह्यांनी हात नाही लावला. मग बाई म्हणाल्या, माणसानं मनातून सोडलं की आम्ही तरी काय करणार. आता त्याही येत नाहीत."

"मला सांगायचं होतं तुम्ही."

नेलकटर थांबलं. "सांगितलं होतं की, भावजी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

धाकट्यानं हातातल्या फोनवर स्वतःच बोट टेकवलं. "पाणी," फोन एकदाच बोलला, अगदी स्पष्ट. कुणी उठलं नाही.

दादानं मान इकडे वळवली. डावा हात उचलून पलंगाच्या कडेवर दोनदा थोपटलं. धाकट्यानं गोंधळून वहिनींकडे पाहिलं.

"बसा म्हणतायत," त्या म्हणाल्या. "आल्यापासून उभेच आहात."

तो बसला. दादा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. भुवया किंचित वर गेल्या, ओठ हलले, पुन्हा मिटले. काहीतरी सांगत होता तो.

धाकट्यानं वहिनींकडे पाहिलं. या वेळी त्यांनी अर्थ सांगितला नाही; त्या पुन्हा दादाची नखं कापू लागल्या.