सुनावणीआधीचा फवारा

सुनावणीच्या खोलीत शिरण्याआधी कंपनीच्या रखवालदाराने कौसल्याबाईंच्या नाकात फवारा मारला. तो सगळ्यांनाच मारला जायचा. त्या फवाऱ्याने मेंदूत सेरोटोनिन वाढायचं, आवर घालणाऱ्या पेशी चेतायच्या आणि राग उठण्याआधीच विझायचा.

कंपनीतला बॉयलर फुटून तिथे कामाला असलेली कौसल्याबाईंची मुलगी गेली होती. आत कंपनीच्या साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, चूक मुलीचीच. कौसल्याबाईंना सगळं कळत होतं, फक्त काही वाटत नव्हतं. "चालायचंच," म्हणत त्यांनी सही केली, वर साहेबांचा चहाही घेतला.

एसटी स्टँडवर फवाऱ्याचा अंमल उतरला. त्या धावत परत आल्या.

"माझा कागद फाडायचाय मला."

"आत जाऊन सांगा की, मावशी," रखवालदार बाटली हलवत म्हणाला. "आधी नाक वर करा."