मोटर उलटी का करते?

नव्यानं वाइंडिंग केलेली मोटर वर्कशॉपच्या टेबलावर उलटी फिरत होती आणि तिच्याहून जास्त माझं डोकं. वैतागून सरांना मेसेज टाकला. घाईत 'फिरते'च्या जागी 'करते' पडलं: 'सर, मोटर उलटी का करते?' उत्तर आलं: 'सगळं मीच शिकवू का? स्वतःचं जाळं विणा, जाणकारांना गाठा.' गाठलं! तोच मेसेज तसाच अकरा ग्रुपांवर चिकटवला. कुणी अंगठा दाखवला, कुणी फुलं पाठवली, एकानं तर 'डॉक्टरांना दाखवा' लिहिलं. तिसऱ्या दिवशी मीच तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. मोटर निमूट सुलट फिरली. निदान कुणाला तरी सांगावं म्हणून बाराव्या ग्रुपमध्ये शिरले, तर समोर सरांचा मेसेज: 'जाणकारहो, पोरं डोकं खातायत. मोटर उलटी का करते?' मी वायरींचा फोटो टाकला, खाली लिहिलं: 'सगळं मीच शिकवू का, सर?'