तिसरा डेक

पहिल्या डेकवर गंजसाहेबांनी बोट टेकवलं आणि ते आरपार गेलं. दुसऱ्यावर त्यांनी बोट टेकवलंच नाही. पत्र्याला कडेकडेने पापुद्रे सुटले होते आणि आत वर्षभराचं कुजकं गवत आंबून बसलं होतं.

मालकांनी नाकाला रुमाल लावला. "आठ वर्षं," ते म्हणाले. "आठ वर्षं मी तुम्हाला पोसतोय, आणि तुम्ही मला हे दाखवताय!"

कारखाना गवत कापायच्या यंत्रांचा. डेक म्हणजे फिरत्या पात्यावरचं पत्र्याचं झाकण. ओलं गवत त्याला आतून चिकटतं, खडे आपटतात, रंग उडतो आणि वर्ष-दोन वर्षांत पत्रा खलास. तो वाचवणारा लेप शोधून काढणं एवढंच गंजसाहेबांचं काम. जेवताना गंज, बोलताना गंज, झोपेतसुद्धा गंज, म्हणून कामगारांनी त्यांचं हे नाव ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनाला लागतही होतं.

या वेळी तीन वेगवेगळे लेप तीन यंत्रांना लावून ती तीन माळ्यांकडे वर्षभरासाठी दिली होती. एकही टिकला नाही तर प्रयोगशाळेला कुलूप, असं मालकांनी आधीच ऐकवलं होतं.

"तिसरा कुठाय?" मालकांनी विचारलं.

तिसरं यंत्र शाळेच्या मैदानावरच्या म्हाताऱ्या माळ्याकडचं. फिटरने ते नुकतंच खोलून डेक टेबलावर आणून ठेवला होता.

"इंजीनसुद्धा काय राखलंय म्हाताऱ्याने," फिटर म्हणाला. "माझ्या बायकोने मला इतकं राखलं असतं तर!"

डेक उलटा केला. आतून काळाभोर, गुळगुळीत, चकचकीत. गंजसाहेबांनी वाकून वास घेतला.

"गवताचा वाससुद्धा नाही." ते मालकांकडे वळले. "चिकटलंच नाही, मालक! चिकटलंच नाही!"

मालक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "परत देण्याआधी माळ्याने वरून रंग मारला असेल. बक्षिसाच्या आशेने."

गंजसाहेबांना मनातून तीच भीती होती, म्हणूनच त्यांना राग आला. त्यांनी ब्लेडने एक कोपरा खरवडला. काळ्याखाली पिवळा थर निघाला. तो त्यांनी स्वतः कालवलेला, दुसऱ्या कुणाला माहीतही नसलेला. मग जाडी मोजायचं यंत्र घेऊन बारा ठिकाणी मोजलं आणि वर्षापूर्वीची वही उघडून आकडे पडताळले. होती तेवढीच जाडी. केसभरही कमी नाही.

"हा माझाच लेप आहे," ते म्हणाले. "वर्षभर राबलाय बिचारा, आणि तसूभर हलला नाही."

"पाच वर्षांची हमी लिहून द्याल? एक जरी डेक गंजून परत आला, तरी लेपाबरोबर तुम्हीही बाहेर."

"आत्ता देतो."

त्यांनी मालकांचंच पेन घेतलं आणि इतकी दाबून सही केली की कागद फाटला.

तीन महिन्यांत दोन हजार यंत्रं बाहेर पडली. फाटकावरचा पहारेकरी त्यांना बघून उठून उभा राहायला लागला. मागून कुणी गंजसाहेब म्हटलं की आता त्यांना चक्क बरं वाटे.

मग त्यांना माळ्याची आठवण झाली. खरं तर आधीच व्हायला हवी होती, पण सुखात असलेल्या माणसाला सवड कुठे असते?

यंत्र देताना त्यांनी तिन्ही माळ्यांचे हात धरले होते. "जिवापाड जपा. याला काही झालं तर माझी नोकरी गेलीच समजा." दोघांनी नुसती मान हलवली. म्हाताऱ्याने मात्र विचारलं होतं, "मुलंबाळं किती तुम्हाला?"

"दोन मुली."

"मग काळजी सोडा," म्हणत त्याने यंत्रावर आपली चादर टाकली होती.

त्यानंतर वर्षभरात ते दोनदा शाळेवरून गेले. मैदान एकसारखं कापलेलं. माळी कमरेवर हात ठेवून हळूहळू उभा राहिला. यंत्र कसं आहे विचारलं, तर दोन्ही वेळा एकच उत्तर, "ठणठणीत, साहेब." तेवढ्यावर समाधान मानून ते निघून आले होते.

आता फळांची पिशवी घेऊन ते शाळेत गेले, तर मैदानावर दुसराच माणूस. जुना माळी अंथरुणाला खिळलाय, त्याने सांगितलं, आणि मागच्या गल्लीतली खोली दाखवली.

दार माळ्याच्या बायकोने उघडलं. तिने पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता आलात?"

"काय झालं, वहिनी?"

"कंबर गेली. वाकून वाकून. डॉक्टर म्हणतात, आता उभे राहायचे नाहीत. शाळेने नवा माणूस घेतला. कुणापायी झालं ते त्यांनाच विचारा, माझं कोण ऐकतंय!"

माळी भिंतीकडे तोंड करून पडला होता. आवाज ओळखून या कुशीवर वळायला त्याला बराच वेळ लागला.

"नोकरी राहिली ना, साहेब?"

"राहिली, माळीदादा. तुमच्यामुळे. दोन हजार यंत्रांना तोच लेप लावून पाठवला."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"मग झालं तर," तो म्हणाला. "ही उगाच बोल लावते. शब्द दिला होता मी तुम्हाला. अख्खं मैदान वर्षभर विळ्याने कापलं, पण तुमचं यंत्र एकदाही गवताला लागू दिलं नाही."