सैल टाके

"खालच्या मावशींची तब्येत बरी नाही, बाबा," मुलगा फोनवर म्हणाला. "ताप-खोकला नाही, मनाचं दुखणं आहे. लॉकडाऊन लागल्यापासून उठत नाहीत, धड जेवत नाहीत. त्यांच्या हाताला काहीतरी काम हवंय."

शिंप्याने पलंगावर पडल्या पडल्या नुसतं हं केलं. बायको गेल्यावर मुलानेच त्याला या इमारतीत आणलं होतं, आणि शेजाऱ्यांची ओळख होण्याआधीच सगळ्यांची दारं बंद झाली. खाली एक बाई एकट्या राहतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. मुलगा दुसऱ्या शहरात अडकलेला. फोनवर काळजी करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

काम म्हणाल तर होतं. दुकान बंद करताना अर्धवट कपड्यांचं गाठोडं त्याने घरी आणलं होतं, ते कोपऱ्यात तसंच पडलं होतं. मशीनवर चादर होती. मोठी कात्री त्याने तेल लावून, फडक्यात गुंडाळून, वर मुलाच्या नावाची चिठ्ठी टाचून ठेवली होती. घरात बसून माणूस दुसरं काय करणार, आवराआवरच.

"मला नाही जमायचं रे," तो म्हणाला.

"एखाद्या पँटची तुरपाई द्या, तुमचं काय जातंय? आणि त्या गोळी घ्यायचं टाळतात. तेवढी आठवण करा."

दुसऱ्या दिवशी त्याने नाइलाजाने गाठोडं सोडलं. पिशवीत एक पँट आणि सुई-दोरा घालून ती गॅलरीतून दोरीने खाली सोडली. दोन हात पुढे आले आणि पिशवी घेऊन गेले. "बरं, मास्तर," असा दमलेला आवाज आला.

पँट परत वर आली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. ती बाजूला टाकून तो पुन्हा आडवा झाला, पण पँट काही डोळ्यांसमोरून हलेना. गिऱ्हाइकाने ही घातली तर नाकच कापलं जायचं. शेवटी तो पुटपुटत उठला, मशीनवरची चादर ओढली आणि बसला. एक बरं होतं, टाके मोठे आणि सैल होते. दोरा ओढला की सरसर निघत होता, कापडाला इजा नाही.

मग रोजचंच झालं. कधी बटणं एक घर खाली, कधी डावी बाही उजवीकडे. एकदा तर बाईंनी खिशाचं तोंडच शिवून टाकलं. खिसेकापूंची आता खैर नाही, असं तो मुलाला फोनवर म्हणाला आणि स्वतःच हसला. मुलाने मात्र ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बहुधा रेंज गेली असावी.

बाईंना टाकून बोलणं त्याच्या जिवावर यायचं. आजारी माणूस, उगाच खचायचं. तो गॅलरीत उभा राहून समजावून सांगायचा, सुई कशी धरायची, दोरा किती घ्यायचा. त्या मुकाट्याने ऐकायच्या. एकदा एक काज इतकं देखणं आलं की तो ते बोटावर घेऊन बघतच राहिला. आपलं शिकवणं फुकट गेलं नाही, याचा त्याला मनापासून आनंद झाला.

गोळीचं तेवढं अवघड होतं. एकटीच्या घशाखाली उतरत नाही, म्हणायच्या. त्याच्याकडे डॉक्टरांनी बायको गेल्यानंतर लिहून दिलेली पट्टी होती, न फोडलेली. बाईंना सोबत म्हणून तो त्यातली एक घ्यायचा. बाई आपली गोळी कडाकडा चावून खायच्या. त्याला नवल वाटायचं, पण एकेका डॉक्टरची एकेक तऱ्हा.

"वर मशीन वाजलं की मला बरं वाटतं," त्या एकदा म्हणाल्या. बिचाऱ्या, असं वाटून तो काम नसलं तरी थोडा वेळ मशीन चालवायला लागला.

एक दिवस मात्र त्याला उठवेचना. कारण काही नव्हतं. अंगातलं बळ कोणी काढून घेतल्यासारखा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खालून हाका आल्या, त्याने ओ दिली नाही. मग दोरी हलू लागली, गॅलरीच्या गजावर घासू लागली.

"मास्तर, माझं आज खरंच काही खरं नाही," खालून आवाज आला. आवाज कापत होता. "काहीतरी काम द्या हो. आत्ता द्या."

तो धडपडत उठला. गाठोडं कधीच संपलं होतं. त्याने कपाटातून बायकोची चांगली साडी काढली, फडक्यातून मोठी कात्री काढली, चिठ्ठी बाजूला ठेवली आणि झबली कापायला घेतली. कोणाच्या तरी बाळाला होतील. बाईंचा जीव महत्त्वाचा होता.

इमारतीचं फाटक उघडलं त्या सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि जिना उतरला. हातात नवशिक्याला शोभेलशी छोटी कात्री आणि खडू होता, बाईंना भेट म्हणून. बाई यातून तरल्या, याचं त्याला राहून राहून समाधान वाटत होतं.

त्यांनी दार उघडलं. चेहरा टवटवीत, गळ्यात टेप. मागच्या खोलीत शिवणाची मशिनं ओळीने मांडलेली होती, भिंतीवर फळा होता आणि फळ्यावर बाहीचा आराखडा खडूने काढलेला होता.

"ताई, हे..." त्याने फळ्याकडे बोट केलं.

"जन्मभर पोरींना शिवण शिकवत आले, मास्तर," त्या म्हणाल्या. "इतकं वाईट शिवायला मात्र तुमच्या मुलाने लावलं. पहिल्याच फोनवर रडला माझ्याजवळ. म्हणाला, बाबांनी जेवण सोडलंय, बोलणं सोडलंय, उठणं सोडलंय. फक्त वाकडी शिवण तेवढी त्यांना बघवत नाही."